पोटाकडची बाजू

तुम्ही खोटं बोललात, साहेब. टोपी काढून टेबलावर ठेवलीत, पाण्याचा घोट घेतलात, घसा साफ केलात आणि सगळ्या जगासमोर खोटं बोललात. एक बाई मेली. भाजी घ्यायला गेलेली बाई, हातात मेथीची जुडी, आणि मानेत गोळी. तिच्या मरणाला कारण कोण, म्हणून तुम्ही चौकशी बसवलीत आणि एवढ्या मोठ्या मुंबईत तुम्हाला गुन्हेगार सापडला तो कोण, तर चामड्याचं एक कव्हर. ज्याच्या हातात पिस्तूल होतं तो सापडला नाही, ज्याच्या गाडीसाठी ते बाहेर निघालं तो तर नाहीच नाही. कव्हर सापडलं. त्याचीही पाठ नव्हे, ती चारचौघांना दिसते. त्याचं पोट. "हाताने बनवलेल्या, हलक्या प्रतीच्या होल्स्टरच्या आतील भागातील दोषामुळे शस्त्रातून अनवधानाने गोळी सुटली." असं कागदावरून वाचलंत तुम्ही. आतील भाग! तुम्ही कधी बोट घातलं होतंत काय त्या आतल्या भागात?

हे कुशाबा बोलतो, पण मनात बोलतो. मोरीत तोंड धुताना, जिना उतरताना, डिलाईल रोडवर सिग्नल हिरवा होऊन लोक पुढे निघून गेले तरी फुटपाथवर उभा राहून. मध्येच ओठ हलतात. मग समोरून येणारा बाजूला होतो, म्हातारा सरकलाय म्हणून. सरकला नव्हता. सरकला असता तर बरं झालं असतं. त्या सकाळी आकांक्षा कामाला निघायच्या घाईत होती, एका हातात कंगवा आणि एका हातात फोन. ती म्हणाली, "पप्पा, हे बघा, माटुंग्याच्या त्या केसचं आलंय." तिने सहज दाखवलं. दोन घास चपाती तोंडात असताना कुशाबाने बघितलं. पोलिसांचे साहेब बोलत होते आणि बाजूच्या चौकटीत कव्हराचा फोटो होता. काळं, कमरेचं, तोंडाशी दुहेरी पट्टी. त्या पट्टीच्या टोकाला शेवटचे टाके आडवे होते. उभी शिलाई संपली की दोरा तीनदा आडवा मारायचा, म्हणजे पिस्तूल हजारदा आतबाहेर झालं तरी टोक उसवत नाही. असे आडवे टाके मुंबईत दुसरं कुणी मारत नाही, कारण त्यात वेळ जातो आणि ते दिसायलाही चांगले दिसत नाहीत. त्याची कव्हरं विकणारा हितेंद्र शेठ कितीदा ओरडला होता, "अरे कुशाबा, कव्हर शिवतोस की फाटलेली चड्डी?" तोंडातला घास तोंडात राहिला. आकांक्षाने फोन खिशात टाकला, चप्पल घातली, "डबा घेतला हं मी," म्हणाली आणि गेली. ती कामाला जाते ते काचेचं ऑफिस तिच्या आज्याच्या मिलच्या जागेवर उभं आहे. तिला ते ठाऊक आहे, पण तिथे आत शिरताना तिला काही होत नाही. का व्हावं?

माटुंग्याच्या मार्केटात काय झालं ते सगळ्यांनीच बघितलं होतं, कारण तिथे प्रत्येकाच्या हातात फोन होता. कुणातरी मोठ्या माणसाची गाडी गर्दीत अडकली. भाजीच्या हातगाड्या हलेनात. हॉर्न झाला, शिव्या झाल्या. मग गाडीतला अंगरक्षक खाली उतरला, जेमतेम पंचविशीचा पोरगा, आणि त्याने पिस्तूल काढून हवेत नाचवलं. ढबू मिरच्यांवर पिस्तूल! गाड्या हलल्या, गाडीला वाट झाली, पोरगा हसला आणि पिस्तूल परत कव्हरात खुपसलं, आणि आवाज झाला. गोळी फुटपाथच्या दगडावर आपटून उसळली. सीमा नावाची बाई तिथे मेथी निवडत होती. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी, घरी दोन मुलं असलेली. तिच्या नवऱ्यापुढे माईक धरला तेव्हा तो म्हणाला, "काय बोलणार? नशीब." कुशाबाला त्याला हलवावंसं वाटलं. अरे, नशीब काय, विचार ना, पिस्तूल बाहेर का काढलं होतं? भाजी काय गोळी घालणार होती गाडीतल्याला? पण ते कुणी विचारलं नाही. एका पत्रकाराने साहेबांना विचारलं ते भलतंच: होल्स्टर कुठल्या जनावराच्या चामड्याचं होतं? साहेब म्हणाले, ते तपासात निष्पन्न होईल. म्हशीचं होतं, साहेब. गोवंशाचा कायदा आल्यापासून म्हशीचंच असतं, दुसरं आणायची कुणाची छाती आहे? बाई मेली आणि तुम्ही जनावराची जात शोधताय.

इथपर्यंत राग सरळ होता. सरळ राग बरा असतो, माणूस त्याच्यावर जगू शकतो. पण रात्री पडल्यावर कुशाबाच्या रागाला आतून एक कड लागायला लागली, जशी नीट न घासलेल्या चामड्याची बोटाला लागते. साहेब खोटं बोलले, कबूल. त्यांनी आत बघितलं नसणार, कबूल. पण न बघता बोललेलंही कधी कधी खरं निघतं. आणि ते खरं असलं तर ते पोट कुणाचं होतं?

चामड्याला पाठ असते आणि पोट असतं. पाठ म्हणजे केसांकडची बाजू, चकाकणारी, गिऱ्हाइकाची. पोट म्हणजे मांसाकडची, जनावराला चिकटून असलेली, लवदार, तंतू निघालेली. पिस्तूल बसतं ते पोटाला लागून. म्हणून कापल्यावर आधी रापीने पोट तासायचं, मग त्याच्यावर खळ चढवायची, बाटलीच्या काचेने घासायचं, वाळलं की परत खळ, परत काच, तंतू सगळे निजेपर्यंत. मगच दुमडून लाकडी पिस्तुलावर चढवायचं आणि शिवायचं. एकदा शिवलं की पोट बंद, आत हात जेमतेम जातो. खळ बसली तर पोट गुळगुळीत होतं आणि कडकही होतं. तोंडापाशी तर कडकच पाहिजे. तिथे नरम राहिलं तर घामाने, वापराने चामडं लुळं पडतं, तोंडाची कड आत वळते, आणि कधीतरी पिस्तूल खुपसताना ती वळलेली कड चापाच्या कडीत शिरते. चामड्याची जीभ जाऊन चाप ओढते. माणसाचं बोट लागतच नाही.

हे पोटाचं काम कुशाबाच्या घरात माया करायची, त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिला चामड्याची किळस होती, आणि सासऱ्याला तर संताप होता. राजाराम, कुशाबाचा बाप, मिलच्या सायझिंग खात्यात होता, सुताला खळ चढवायच्या कामावर. संप झाला, मिल गेली, आणि पोरगा धारावीत एका बॅगवाल्याकडे शिकून चामड्याचं काम घरी घेऊन आला. त्या दिवशी राजाराम जेवला नाही. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे हात करून म्हणाला, "मेलेलं ढोर ओढू नका म्हणून त्या माणसानं आपल्याला गावाबाहेरनं उठवलं. आमच्या बापानं ढोर सोडलं, उपाशी राहिला पण सोडलं. आणि तू त्याचं कातडं मुंबईला खोलीत आणलंस?" कुशाबा म्हणाला, "तुमची मिल चालू करा, मी उद्या सोडतो." पुढे किती महिने दोघांचं बोलणं नव्हतं. पण माया डिंकाने पोट घासायची आणि ते फुटायचं, पोपडे निघायचे. राजाराम खाटेवरून बघायचा. एक दिवस त्याला राहवलं नाही. उठला, चिंचोके आणले, भाजले, कुटले, स्टोव्हवर पातेलं चढवलं आणि मिलमध्ये ढवळायचा तशी खळ ढवळायला बसला. "सुताला काय लागतं? कडकपणा पण हवा आणि घसरायला पण हवं. डिंकानं काय होतंय, डिंक काचेसारखा फुटतो. ही घे. बोटानं बघ, तार सुटली पाहिजे." मरेपर्यंत त्याने चामड्याला हात लावला नाही. पण खळ त्याचीच. मिल गेली, मशीन भंगारात गेली, आणि गिरणगावाची ती खळ राहिली कुठे, तर पोलिसांच्या कमरेला, पिस्तुलाच्या कव्हरात. कुणाला ठाऊक आहे?

मायाचे हात बारीक होते. बोट पोटावरून फिरवताना ती डोळे मिटायची. "इथं राहिलंय," म्हणायची. कुशाबाला तिथे काहीच लागायचं नाही. आरी दाबून दाबून त्याच्या बोटांना घट्टे पडलेले, त्याला गुळगुळीत काय आणि लवदार काय. तो चिडवायचा, "तुला पोटातलं सगळं कळतं, माझ्या पोटातलं कळतं का?" ती म्हणायची, "तुमच्या पोटात काय असणार अहो, वडापाव." त्यातूनच घरात एक रीत पडली. मायाने पोट झालं म्हटलं की झालं. तिच्यामागून कुशाबा बोट घालून बघायचा नाही. एकदा, अगदी सुरुवातीला बघितलं होतं, तर ती दोन दिवस अबोल राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या टाक्यांवर मी नख मारून बघते का?" पुन्हा त्याने कधी बघितलं नाही. आणि तिची एक खोड होती. शेवटचा हात ओला असताना, कव्हराचा तळ जिथे येणार तिथे ती अंगठ्याचं नख दाबायची. चंद्राच्या कोरीएवढी खूण उठायची. "कशाला?" त्याने विचारलं होतं. "असंच. तुमचे आडवे टाके दिसतात. माझं काय दिसतं?"

मग तिला गाठ निघाली. परळचं हॉस्पिटल घरापासून चालत जायच्या अंतरावर, लोक आसाम-बिहारहून येऊन त्याच्या फुटपाथवर झोपतात. आपलं नशीब म्हणायचं की घर जवळ आहे. सलाइनमधून औषध चढायचं आणि चौथ्या-पाचव्या खेपेपासून तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. पुढे मुंग्याही गेल्या. गरम वाटी उचलायची आणि कळायचं नाही, फोड आल्यावर कळायचं. डॉक्टर म्हणाला, होतं असं, औषधामुळे, काहींचं परत येतं. कुशाबा म्हणाला, आता काम बंद. ती म्हणाली, "बंद कशाला? पडून पडून छताच्या तुळया मोजू?" तिने युक्ती काढली. बोटाला कळत नाही ना, मग घासलेलं पोट ओठाला लावायची. डोळे मिटून, खालच्या ओठावरून हळूच फिरवायची. केस गेलेलं डोकं, वर फडकं बांधलेलं, आणि ओठाला म्हशीचं चामडं. आकांक्षा एकदा तेवढ्यात दारातून आली आणि परत फिरून गॅलरीत जाऊन उभी राहिली. कुशाबा मात्र बघायचा. ते बघण्यात कसलं तरी सुख होतं. ती अजून काम करते आहे, म्हणजे ती आहे. तिला जमत नव्हतं त्या दिवशी तो स्वतः पोटं घासायचा, वेडीवाकडी, खळीचे गोळे राहिलेली. दोघांचा माल एकाच गोणीत जायचा. कुठलं कुणाचं, कोण लिहून ठेवतंय? तिच्या पोटाला चंद्र, त्याच्या पोटाला काही नाही, एवढाच फरक. आणि तिने झालं म्हटलं की तो दुमडायचा आणि शिवायचा. त्या महिन्यांतही त्याने बोट घातलं नाही. घातलं असतं तरी त्याच्या बोटाला कळलं नसतं, हे खरं. पण घालायचं धाडसही झालं नाही, हेही खरं. त्या बाईला सांगायचं, तुझं बोट मेलंय, तुझा ओठ खोटा आहे?

"पप्पा, सोडा ना आता," आकांक्षा म्हणाली. चार दिवस त्याने रापी हातात धरली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं होतं. "तुमचं नाव कुठे आलंय? नाही आलं ते चांगलं झालं ना?"

"नाव आलं असतं तर बरं झालं असतं."

"काहीतरीच! लोकांनी दगड मारले असते खिडकीवर."

"मारू देत. निदान कुणीतरी विचारलं असतं."

"काय विचारलं असतं?"

काय सांगणार तिला? की ते कव्हर तुझ्या आईच्या हातचं निघालं तर? मेलेल्या माणसाला मागून खुनी ठरवायचं? मुलगी कंगव्यातले केस काढत बसली. मग न बघताच म्हणाली, "मम्मीने केलेलं असेल म्हणून घाबरताय ना?" कुशाबाने तिच्याकडे बघितलं. अगदी आईसारखी. जणू इथं राहिलंय, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो हितेंद्र शेठच्या दुकानात गेला. गिरगावात गल्लीच्या तोंडाशी, वर्दीच्या सामानाचं दुकान. पट्टे, शिट्ट्या, बिल्ले, टोप्या. शेठ त्याला बघून खुर्चीतूनच म्हणाला, "आला काय? टेन्शन नको घेऊ, कुशाबा. ते लोक माझ्याकडे पण नाही आले. कोणी नाही येणार. त्यांना पण माहिती आहे, चौकशी केली तर पयला प्रश्न काय येईल? बंदूक बाहेर कशाला काढली? म्हणून कव्हरवर ढकललं आणि खेळ खलास."

"जुना माल शिल्लक आहे का, शेठ? ती आजारी होती तेव्हाचा, दुहेरी पट्टीचा. ती पट्टी तेव्हाच तर सुरू केली होती."

"आहे थोडा माळ्यावर. आता तर कोण घेणार? हाताचा माल म्हटलं की लोक बोलतात, तो फुटणारा काय? प्लास्टिकचं मागतात सगळे, मशीनचं." शेठने माणसाला सांगून गोणी खाली काढायला लावली. धूळ उडाली, आत पाच-सहा कव्हरं होती. कुशाबाने एक उचललं, खाली जमिनीवर बसला आणि सुरुवातीच्या त्या एका वेळेनंतर पहिल्यांदाच मायाच्या मागून बोट आत घातलं. काही कळलं नाही. अंधार, गारवा, चामडं. बोट तळापर्यंत पोचेना, पोचलं तिथे चंद्र आहे की नाही सांगता येईना. त्याने ओठ लावायचा विचार केला आणि लाज वाटली, दुकानात लोक होते. मग पिशवीतून रापी काढली आणि शिलाईवरून सरकन चालवली.

"अरे! अरे, येडा झाला काय? माल आहे तो!" शेठ उठला.

कव्हर दोन्ही बाजूंनी उघडून हातात पसरलं, जसं माशाचं पोट पसरतं. तळाशी चंद्राची कोर होती. नखाएवढी, कडक, अजून तशीच. कुशाबाने त्याच्यावर अंगठा ठेवला. इतक्या दिवसांनी तिचं काहीतरी सापडलं होतं. खळ सगळीकडे सारखी बसली होती, काचेसारखी. मग त्याने तोंडाकडे बघितलं. तोंडाच्या कडेला, दुहेरी पट्टीच्या खाली, दोन बोटं रुंद पट्टा निस्तेज होता. तंतू उभे होते. खळ तिथे पोचलीच नव्हती. त्याने ती कड चिमटीत धरून आत वळवली. वळली. जिभेसारखी वळली आणि वळलेलीच राहिली. मायाचा ओठ लागला होता मधल्या भागाला. कड ओठाला लावताना टोचते, म्हणून तिने ती सोडली असेल. किंवा तिला वाटलं असेल की झालं. त्याने दुसरं कव्हर उघडलं. शेठ आता ओरडत नव्हता, नुसता बघत होता. दुसऱ्याच्या तळाला काही नव्हतं, म्हणजे ते कुशाबाचं. पोट म्हणजे नुसता चिखल वाळल्यासारखा, गोळे, ओरखडे. माया असती तर हसून लोळली असती. पण तोंड लाकडासारखं कडक. त्याने वळवून बघितलं. वळलं नाही, मोडलं असतं पण वळलं नसतं. आयुष्यभर ज्याला पोट जमलं नाही त्याचं कव्हर कुणाला मारणार नव्हतं. आणि जिचं जमलं होतं...

"पाणी पी," शेठ म्हणाला. त्याने स्वतः ग्लास भरून आणला, हे त्या दुकानात आजवर घडलं नव्हतं. "हे बघ. एकात निघालं म्हणजे सगळ्यात असेल असं थोडी आहे? आणि त्या पोऱ्याने तेल घालून नरम केलं असेल. नायतर बोट चापावर ठेवूनच खुपसलं असेल. ऐंशी टक्के तेच असतं."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. ते कव्हर बघायला पाहिजे."

"कोण दाखवेल तुला?"

कुणी दाखवणार नव्हतं, हे कुशाबालाही कळत होतं. तरी तो फोर्टातल्या साहेबांच्या ऑफिसात गेला. आजपर्यंत त्याने अशा इमारती बाहेरूनच बघितल्या होत्या, दगडी, थंड, आत शिरताना माणूस आपोआप चप्पल घासतो तशा. तीन टेबलं फिरून चौथ्या टेबलावर शंतनु नावाचा कारकून भेटला. तरुण, चष्म्याचा, पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलणारा. चांगला होता तो पोरगा. त्याने खुर्ची दिली. हेच वाईट. खेकसला असता तर कुशाबालाही खेकसता आलं असतं.

"आपण मृत महिलेचे नातेवाईक आहात का?"

"नाही."

"संबंधित कर्मचाऱ्याचे?"

"नाही ओ."

"मग आपला या प्रकरणाशी संबंध काय?"

"ते कव्हर मी शिवलंय."

शंतनुने चष्मा वर सरकवला. आवाज खाली आणला. "काका, हे मला सांगितलंत ते सांगितलंत, बाहेर कुणाला सांगू नका. अहवालात निर्मात्याचा उल्लेख नाही. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

"विचारा की! म्हणून तर आलोय. लिहून घ्या, दोष माझा. पोट मीच घासलं होतं, मला ते काम येत नाही. अंगठा देतो, सही देतो, काय पाहिजे ते."

"तशी आवश्यकता नाही. प्रकरण बंद झालंय."

म्हणजे गुन्हा सुद्धा मिळत नाही. कुशाबाला हसू आलं, आणि ते चेहऱ्यावर आलं असावं, कारण पोरगा जरा मागे सरकला. दोष होता, पण दोषाला माणूस नको होता. हाताने बनवलेलं म्हणायचं आणि हात कुणाचा ते विचारायचं नाही. बिनहाताचा दोष, तो कुणाच्याही गळ्यात न बांधता नुसता हवेत सोडून द्यायचा. "बरं, लिहू नका," तो म्हणाला. "मला फक्त एकदा आत बघू द्या. बोट पण लावत नाही. बॅटरी मारा आणि तुम्हीच बघा, तळाला नखाची खूण आहे का. अशी, चंद्रासारखी. आहे किंवा नाही, एवढंच सांगा."

"त्याने काय होणार?"

काय होणार? खूण नसली तर ते पोट कुशाबाचं. मग तो मरेपर्यंत आपल्याच हातांवर थुंकेल, आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी लावलेल्या मायाच्या फोटोकडे मान वर करून बघता येईल. खूण असली तर... तर निदान साहेब जे बोलले ते खरं की खोटं हे एका तरी माणसाला कळेल. हे सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. तो म्हणाला, "माझ्या बायकोची खूण आहे ती. ती वारली."

पोरगा टेबलावर पुढे झुकला. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, मुद्देमाल सीलबंद आहे. उघडता येत नाही. आणि प्रकरण बंद झाल्यावर काही काळाने तो नष्ट करतात."

"पण तपासताना उघडलं असेल ना? आत बघितलं असेल ना कुणीतरी?"

शंतनु टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

"आतील भागातील दोष म्हणाले साहेब. म्हणजे आत बघितलं असणारच ना?"

"बाह्य पाहणी झाली होती," तो म्हणाला. आणि लगेच, जणू आपण फार बोललो, उठून दुसऱ्या टेबलाकडे गेला, फाइल नसतानाही फाइल शोधायला.

कुशाबा खुर्चीत बसून राहिला. वर पंखा कुरकुरत होता. समोरच्या काचेच्या दरवाज्यावर पाटी, आणि काचेपलीकडे साहेब बसले होते, तेच, फोनवर कुणाशी तरी हसत. टोपी टेबलावर होती. म्हणजे खोटं बोललात हे खरं, साहेब. बाहेरून बघितलंत आणि आतलं सांगितलंत. पण त्याने काय सुटलं? तुम्ही खोटे ठरलात म्हणून माया खरी ठरत नाही. दुकानातली ती लुळी कड चिमटीत वळताना मी बघितली आहे, ती आता न बघितलेली होत नाही. तुम्ही सील ठोकलेल्या पिशवीत एक अंधार बांधून ठेवलाय, त्याच्या तळाशी एक तर चंद्र आहे किंवा नाही. उद्या ती पिशवी जाळाल. चामडं जळतं तेव्हा मेलेल्या जनावराचा वास येतो, त्या वासाला बाप घाबरत होता. त्या धुरात सगळं जाईल, सीमाचं, मायाचं, माझं, आणि तुमचा कागद मात्र राहील.

तो उठला. शिपाई "ओ काका, ओ काका, तिकडे नाही" म्हणत मागून आला, दंडाला धरलं. कुशाबाने काचेवर हात आपटला. आतल्या माणसाने फोन कानापासून दूर केला आणि वर बघितलं.

"साहेब, दोनच गोष्टी विचारतो," कुशाबा म्हणाला. आता तो मनात बोलत नव्हता, सगळी टेबलं गप्प झाली होती. "ते पिस्तूल मेथीच्या जुडीवर का काढलं होतं, ते तुम्ही सांगणार नाही, मला माहिती आहे. ते राहू द्या. दुसरं सांगा. तळाला नखाची खूण आहे की नाही? तुमचा हात अख्खा आहे, बोटं शाबूत आहेत, घट्टे नाहीत त्यांना. घाला आत आणि सांगा. आहे की नाही? अहो, बघता काय नुसते? बोला!"